ऱ्होड आयलंडची काळी पलटण

पलटणींचे इतिहास सामान्यतः एकाच साच्याचे असतात. अमुक सालीं उभारणी झाली, अमुक लढायांत ती झुंजली, अमुक सेनापतीनें तिची वाखाणणी केली आणि तह झाल्यावर ती मोडली, एवढी हकीकत सांगितली कीं इतिहासकाराचें काम संपतें. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धांत लढलेल्या ऱ्होड आयलंडच्या पहिल्या पायदळ पलटणीची हकीकतही अशीच सांगतां येईल. परंतु तशी ती सांगितली तर तिच्यांतील मर्म हातचें निसटेल. या पलटणींतील बहुसंख्य शिपाई एके काळीं गुलाम होते. भरती होण्यापूर्वीं त्यांना स्वतःच्या देहावरही मालकी नव्हती. देशाच्या स्वातंत्र्यासाठीं लढावयास ज्याला बोलवावयाचें तोच परतंत्र असेल तर त्याला काय द्यावयाचें, आणि त्याचें मोल कोणाच्या तिजोरींतून चुकवावयाचें, हा प्रश्न १७७८ सालीं एका चिमुकल्या संस्थानापुढें उभा राहिला.

बंड करून उठलेल्या तेरा वसाहतींत ऱ्होड आयलंड ही आकारानें सर्वांत लहान. युद्धाच्या आरंभीं तिची वस्ती जेमतेम ६० हजार होती व त्यांत कृष्णवर्णी लोक ३,७०० च्या आसपास होते. संख्या लहान दिसते खरी, पण या वसाहतीचा गुलामगिरीशीं असलेला संबंध मोठा होता. न्यूपोर्ट बंदरांत वेस्ट इंडीज बेटांतून उसाची काकवी उतरे, तिची रम दारू गाळली जाई, ती रम जहाजांत भरून आफ्रिकेच्या किनाऱ्यावर नेली जाई आणि तिच्या बदल्यांत माणसें विकत घेतलीं जात. उत्तर अमेरिकेच्या वसाहतींतून या व्यापारासाठीं जीं जहाजें निघत त्यांपैकीं निम्म्याहून अधिक ऱ्होड आयलंडचीं असत. उपसागराच्या पश्चिमेस नॅरागॅन्सेट म्हणून सुपीक प्रदेश आहे. तेथील जमीनदार घोड्यांची पैदास करीत, चीज तयार करीत, आणि हीं सारीं कामें गुलामांच्या हातून करवून घेत. हॅझर्ड, गार्डनर, चॅम्प्लिन हीं या जमीनदार घराण्यांचीं नांवें. पुढें पलटणीच्या हजेरीपटांत हींच आडनांवें येतात, मात्र तीं मालकांचीं नव्हेत, त्यांच्या गुलामांचीं. सीझर, केटो, प्रिन्स अशीं भारदस्त नांवें मालकांनीं गुलामांना थट्टेनें किंवा हौसेनें ठेवलेलीं असत. त्यांपुढें मालकाचें आडनांव जोडलें कीं शिपायाचें नांव पुरें होई.

काळ्या माणसाच्या हातीं बंदूक द्यावी कीं न द्यावी याविषयीं बंडवाल्यांचें मन आरंभापासून द्विधा होतें. १७७५ च्या एप्रिलांत लेक्झिंग्टन व काँकर्ड येथें आणि जूनमध्यें बंकर हिलच्या लढाईंत काळे लोक गोऱ्यांच्या खांद्याला खांदा लावून लढले होते. तरीही जॉर्ज वॉशिंग्टननें सेनापतिपदाचीं सूत्रें हातीं घेतल्यावर त्याच वर्षीच्या नोव्हेंबरांत, यापुढें त्यांची भरती करूं नये असा हुकूम काढला. वॉशिंग्टन हा व्हर्जिनियाचा जमीनदार, स्वतः अनेक गुलामांचा मालक. तेव्हां त्याच्या मनांत काय असेल हें ताडणें कठीण नाहीं. पण त्याच महिन्यांत व्हर्जिनियाचा इंग्रज गव्हर्नर लॉर्ड डन्मोर यानें जाहीर केलें कीं, बंडखोर मालकांचे जे गुलाम राजाच्या सैन्यांत येऊन शस्त्र धरतील ते मुक्त होतील. या एका जाहीरनाम्यानें वॉशिंग्टनच्या धोरणाला कलाटणी मिळाली. वर्ष संपण्यापूर्वींच पूर्वीं सैन्यांत असलेल्या मुक्त काळ्या शिपायांना पुन्हां नांव नोंदविण्याची त्यानें परवानगी दिली. गुलामांचा प्रश्न मात्र तसाच राहिला. शत्रूनें तो आधीं सोडविला आणि स्वातंत्र्याचे कैवारी मागाहून त्याच्यापाशीं आले, ही गोष्ट अमेरिकन इतिहासकारांना बरेच दिवस अडचणीची वाटत असे.

ऱ्होड आयलंडची पहिली पलटण मुळांत काळ्यांची नव्हती. १७७५ च्या मे महिन्यांत जेम्स मिचेल व्हार्नम या वकिलानें ती उभारली तेव्हां तिच्यांत शेतकरी, कारागीर, खलाशी असे गोरे लोकच मुख्यतः होते. बोस्टनच्या वेढ्यांत व पुढें न्यूयॉर्कभोंवतालच्या १७७६ च्या माघारींत तिनें आपला वांटा उचलला. १७७७ सालीं पलटणीची नव्यानें बांधणी झाली आणि तिचें आधिपत्य कर्नल ख्रिस्तोफर ग्रीन याजकडे आलें. हा ग्रीन मोठा खंबीर पुरुष. १७७५ च्या हिंवाळ्यांत मेनच्या अरण्यांतून क्वीबेकवर जी चढाई झाली तींत तो होता, तेथेंच कैद झाला होता आणि सुटून येतांच पुन्हां रणांत उतरला होता.

त्या वर्षीच्या २२ ऑक्टोबरला डेलावेअर नदीकांठीं रेड बँक येथें पलटणीची पहिली मोठी परीक्षा झाली. फिलाडेल्फिया शहर इंग्रजांनीं घेतलें होतें. पण समुद्रांतून नदीनें वर येणारी त्यांची रसद अडविणारा मर्सर किल्ला अमेरिकनांच्या ताब्यांत होता. किल्ला कसला, मातीचा कोट तो! तोही इतका लांबरुंद कीं ग्रीनच्या हाताखालच्या सुमारें चारशें लोकांना त्याचा सारा तट सांभाळणें अशक्य. मोद्वी द्यु प्लेसी नांवाच्या तरुण फ्रेंच अंमलदारानें युक्ति काढली. त्यानें कोटाचा उत्तरेकडील भाग सोडून देऊन आंत दुसरी भिंत घातली व किल्ला निम्मा करून टाकला. इंग्रजांनीं जर्मनींतील हेस संस्थानच्या राजाकडून भाड्यानें घेतलेलें सैन्य कर्नल डॉनॉप यांच्या हुकमतीखालीं चालून आलें, बाहेरचा तट चढून आंत शिरलें आणि तेथें कोणीच नाहीं असें पाहून विजयाच्या आरोळ्या देऊं लागलें. तोंच आंतल्या भिंतीवरून गोळ्यांचा असा वर्षाव झाला कीं पाऊण तासाच्या आंत हल्ल्याचा धुव्वा उडाला. हेसी सैन्याचे चारशेंच्या जवळपास लोक मेले अथवा जखमी झाले. डॉनॉप स्वतः प्राणांतिक जखमी होऊन शत्रूच्या हातीं सांपडला. ग्रीनचे १४ लोक पडले. महिन्याभरानें किल्ला सोडावा लागलाच, पण पलटणीचें नांव झालें.

नांव झालें तरी पोटाला अन्न आणि पायांत जोडे नव्हते. १७७७ च्या डिसेंबरांत वॉशिंग्टनचें सैन्य व्हॅली फोर्ज येथें छावणीस गेलें. तेथील हिंवाळ्याचे हाल प्रसिद्धच आहेत. रोगराई, उपासमार आणि पळून जाणारे शिपाई यांमुळें ऱ्होड आयलंडच्या दोन पलटणी मिळून एक पुरी पलटण होईना. त्यांतच खुद्द न्यूपोर्ट १७७६ च्या डिसेंबरपासून इंग्रजांच्या ताब्यांत. संस्थानांतले तरुण कोणी किनाऱ्याच्या पहाऱ्यावर, कोणी शत्रूचीं व्यापारी जहाजें लुटण्याच्या किफायतशीर धंद्यांत. नवी माणसें आणावयाचीं कोठून? १७७८ च्या २ जानेवारीस व्हार्नमनें वॉशिंग्टनला पत्र लिहून सुचविलें कीं, दोन्हीं पलटणींतील शिपाई एका पलटणींत घालावे आणि दुसरीच्या अंमलदारांनीं मायदेशीं जाऊन काळ्या लोकांची पलटण उभारावी. वॉशिंग्टननें तें पत्र त्याच दिवशीं ऱ्होड आयलंडचा गव्हर्नर निकोलस कुक याजकडे रवाना केलें. सोबतच्या पत्रांत त्यानें भरतीच्या कामीं साह्य करावें एवढेंच लिहिलें. गुलामांसंबंधीं बरें किंवा वाईट एक अक्षर नाहीं. मोठ्या माणसांचें मौन कित्येकदां संमतीइतकेंच कामाचें असतें.

फेब्रुवारींत कायदेमंडळानें ठराव केला. त्याच्या प्रस्तावनेंत, अत्यंत शहाण्या, स्वतंत्र व शूर राष्ट्रांनीं पूर्वीं आपले गुलाम मुक्त करून त्यांना शिपाई केल्याचा दाखला दिलेला आहे. ठरावाचीं कलमें मात्र अगदीं व्यवहारी आहेत. संस्थानांतील कोणाही धडधाकट गुलामानें, मग तो आफ्रिकी असो, मिश्र वंशाचा असो वा तांबड्या इंडियन जातीचा असो, नांव नोंदवावें. कर्नल ग्रीनपुढें हजेरींत तो पसंत ठरला कीं तत्क्षणीं मालकाच्या चाकरींतून सुटला आणि जणूं तो कधीं गुलाम नव्हताच असा पूर्ण मुक्त झाला. त्याला पगार व भरतीचें बक्षीस इतर शिपायांइतकेंच. तो पुढें आजारी वा पंगू झाल्यास त्याच्या पोषणाचा भार पूर्वींच्या मालकावर पडणार नाहीं. मालकाला भरपाई संस्थानच्या तिजोरींतून मिळेल. प्रत्येक परगण्याचा एक याप्रमाणें पांच पंच गुलामाची किंमत ठरवतील आणि ती जास्तींत जास्त १२० पौंड राहील.

या व्यवहारांत एक अट अशी होती कीं तिच्याकडे सहसा लक्ष जात नाहीं. त्या काळीं गोरा शिपाई एक वर्षासाठीं, फार तर तीन वर्षांसाठीं नांव नोंदवी. मुदत संपली कीं घरची शेती बघावयास मोकळा. कित्येकदां ऐन मोहिमेंत मुदत संपून पलटणीच्या पलटणी घरोघर गेल्याचीं उदाहरणें या युद्धांत आहेत. गुलामांना ही सवलत नव्हती. युद्ध संपेपर्यंत चाकरी, हीच त्यांच्या मुक्ततेची किंमत. युद्ध किती वर्षें चालेल हें १७७८ सालीं कोणालाच ठाऊक नव्हतें. हे लोक पुढें पांच वर्षें लढले. आणि सैन्याच्या ज्या भागाला घरीं जाण्याची मुभाच नव्हती तोच भाग हळूहळू सर्वांत जुना, सर्वांत सरावलेला असा झाला.

ठरावाला विरोधही झाला. कायदेमंडळाच्या सहा सभासदांनीं आपला निषेध लेखी नोंदविला. त्यांचें म्हणणें असें कीं, भरती होण्यास राजी असे पुरेसे गुलामच संस्थानांत नाहींत. खर्च फार होईल. मालकांचें समाधान होणार नाहीं. आणि सर्वांत वाईट म्हणजे, विकत घेतलेल्या गुलामांकडून आपण आपलें स्वातंत्र्य राखवून घेतों असें जगाला दिसेल व ज्या तत्त्वांसाठीं आपण झगडतों त्यांच्याशीं तें विसंगत ठरेल. ही विसंगति दूर करण्याचा दुसराही एक सरळ मार्ग होता, तो म्हणजे सर्वच गुलामांना मुक्त करण्याचा. तो मात्र त्या सहा गृहस्थांना सुचलेला दिसत नाहीं. गांवोगांवचे मालक याहून उघडपणें बोलत. साउथ किंग्स्टन येथें एक मालक काळ्या लोकांना सांगत फिरला कीं, लढाईंत तुम्हांलाच पुढें घालून तुमच्या देहांची भिंत करतील, आणि शत्रूच्या हातीं सांपडलांत तर वेस्ट इंडीजमध्यें नेऊन विकतील. ही धमकी अगदींच पोकळ नव्हती. तरीही लोक आले. कायदा होऊन चार महिनेही झाले नाहींत तोंच कायदेमंडळानें आपला हात आंखडता घेतला व १० जून १७७८ नंतर गुलामांची भरती होणार नाहीं असें ठरविलें. एवढ्या अवधींत शंभर ते दीडशेंच्या दरम्यान गुलाम शिपाई झाले. त्यांत कांहीं मुक्त काळे आणि नॅरागॅन्सेट जातीचे इंडियन मिळाले. अंमलदार सारे गोरे.

कवाईत शिकावयास त्यांना तीन-चार महिनेच मिळाले. त्या वर्षीं फ्रान्स अमेरिकनांच्या बाजूनें युद्धांत उतरला होता आणि जुलैच्या अखेरीस काउंट देस्तें याचें आरमार न्यूपोर्टपुढें येऊन ठेपलें. जमिनीवरून जनरल सलिव्हन व समुद्रावरून फ्रेंच अशा कात्रींत न्यूपोर्ट धरावयाचें, असा बेत होता. पण ऑगस्टच्या मध्याला मोठें वादळ झालें, जहाजांच्या डोलकाठ्या मोडल्या आणि देस्तें दुरुस्तीसाठीं बोस्टनला निघून गेला. फ्रेंच गेलेले पाहतांच सलिव्हनच्या शिबंदीचे हजारों लोक घरीं परतले. आतां बेटावर अडकण्यापेक्षां उत्तरेकडे सरकून निघून जाणेंच शहाणपणाचें होतें. इंग्रज सेनापति पिगॉट यानें पाठलाग केला आणि २९ ऑगस्ट रोजीं बेटाच्या उत्तर टोंकाला लढाई जुंपली.

अमेरिकन फळीच्या उजव्या बाजूला एका लहान टेकडीवरच्या मातीच्या मोर्चांत ही नवी पलटण होती. लढण्याजोगे शिपाई सुमारें दीडशें. ग्रीनकडे त्या दिवशीं मोठ्या दलाचें आधिपत्य असल्यानें पलटण मेजर सॅम्युएल वॉर्डच्या हाताखालीं होती. समोरच्या टर्की टेकडीवरून हेसी सैन्य खालच्या दरींत उतरलें, झाडींतून वर चढून आलें आणि मागें रेटलें गेलें. पुन्हां आलें, पुन्हां रेटलें गेलें. उपसागरांतून इंग्रजांच्या युद्धनौका याच बाजूवर तोफा डागीत होत्या. तिसरा हल्ला सर्वांत जोराचा होता. तो परतविण्यास बाजूच्या पलटणींची कुमक यावी लागली. हेसी सैन्यांतील एका अंमलदारानें लिहून ठेवलें आहे कीं, मोर्चांत नुसत्या सदऱ्यानिशीं उभे असलेले रानवट दिसणारे लोक आढळले व त्यांत काळे पुष्कळ होते. दिवसअखेर मोर्चा ऱ्होड आयलंडवाल्यांच्याच हातीं राहिला.

पुढें या लढाईभोंवतीं दंतकथा जमल्या. हेसी कर्नलनें दुसऱ्या दिवशीं, माझे शिपाई मला गोळी घालतील, म्हणून बदली मागितली अशी एक कथा सांगतात. तिला आधार नाहीं आणि तिची गरजही नाहीं. उलट, लढाईनंतर पलटणीच्या वर्तनाविषयीं छावणींत कांहीं कुजबुज झाली होती, आणि सलिव्हननें खास हुकूम काढून या पलटणीला दिवसाच्या यशाचा योग्य वांटा आहे असें जाहीर केलें, हें अधिक बोलकें आहे. चार महिन्यांपूर्वीं ज्यांच्या हातीं खुरपें किंवा दुधाची चरवी होती अशा लोकांनीं युरोपांतील धंदेवाईक सैन्याचा मारा दिवसभर सोसला आणि जागा सोडली नाहीं, ही गोष्ट सरकारी कागदांत आहे. ३० ऑगस्टच्या रात्रीं मार्बलहेडच्या कोळी शिपायांनीं सर्व सैन्य होड्यांतून मुख्य भूमीवर उतरविलें. इंग्रजांची मोठी कुमक दुसऱ्याच दिवशीं न्यूपोर्टला येऊन पोंचली. ती रात्र गेली असती तर सलिव्हनचें सैन्य आणि त्याबरोबर ही पलटणही बेटावर कोंडली जाती. आणि मग साउथ किंग्स्टनच्या त्या मालकाचें भाकीत खरें ठरावयास फारसा वेळ लागला नसता.

यापुढचीं दोन वर्षें पहाऱ्याचीं. १७७९ च्या ऑक्टोबरांत इंग्रजांनीं न्यूपोर्ट सोडलें. १७८० च्या जुलैंत रोशांबोच्या हाताखालचें फ्रेंच सैन्य तेथें उतरलें. मरण, रोग, आणि नवी गुलाम-भरती बंद, यांमुळें पलटण रोडावत गेली. १७८१ च्या आरंभीं संस्थानच्या दोन्हीं पलटणी मिळून एकच 'ऱ्होड आयलंड पलटण' करण्यांत आली. काळ्या शिपायांच्या तुकड्या तिच्यांत वेगळ्या राहिल्या, कर्नल ग्रीनच.

त्याच वर्षीं १४ मे रोजीं घात झाला. न्यूयॉर्कच्या उत्तरेस क्रोटन नदीवर पाइन्स ब्रिजजवळ पलटणीची चौकी होती. नदीच्या उतारावरचा रात्रीचा पहारा सूर्योदयाला उठत असे. इंग्रजांच्या बाजूच्या डि लान्सीच्या स्वारांनीं ही वेळ अचूक साधली. झोंपेंतून उठून तलवार हातीं घेईपर्यंत घर वेढलें गेलें होतें. मेजर फ्लॅग तेथेंच मारला गेला. ग्रीनवर तलवारीचे वारांवर वार झाले, जखमी अवस्थेंत त्याला ओढून नेण्यांत आलें आणि वाटेंत तो मरण पावला. त्याच्या भोंवतालचे कित्येक काळे शिपाई पडले. १८५५ सालीं विल्यम नेल या कृष्णवर्णी लेखकानें क्रांतियुद्धांतील आपल्या लोकांचा इतिहास प्रसिद्ध केला, त्यांत शिपायांनीं कर्नलला वांचविण्यासाठीं आपल्या देहांची आड घातली व शत्रूला त्यांचीं प्रेतें ओलांडूनच त्याच्यापर्यंत पोंचतां आलें, असें वर्णन आहे. नेलच्या लेखणींत भक्तीचा रंग असेल. मेलेल्यांची संख्या मात्र रंग देऊन वाढविलेली नव्हती.

पलटणीचें आधिपत्य लेफ्टनंट कर्नल जेरेमाया ऑल्नीकडे आलें. दोनच महिन्यांनीं, जुलै १७८१ मध्यें, फ्रेंच व अमेरिकन सैन्यें न्यूयॉर्कजवळ एकत्र झालीं. रोशांबोचा एक अंमलदार बॅरन फॉन क्लोझेन यानें त्या वेळच्या दैनंदिनींत नमूद केलें आहे कीं, ऱ्होड आयलंडच्या पलटणींत तीन-चतुर्थांश लोक काळे आहेत आणि साऱ्या अमेरिकन सैन्यांत तीच पोषाखानें सर्वांत नीटस, शस्त्रें बाळगण्यांत उत्तम व हालचालींत सर्वांत बिनचूक आहे. ज्या सैन्याच्या अंगावर धड वस्त्र नाहीं अशाविषयीं लिहिणारा हा परका मनुष्य. त्याला कोणाची खुशामत करावयाची नव्हती. त्याच फ्रेंच सैन्यांतील व्हेर्झे नांवाच्या तरुण अंमलदारानें काढलेलें एक जलरंगचित्र आज प्रॉव्हिडन्स येथील ब्राउन विद्यापीठाच्या संग्रहांत आहे. त्यांत चार अमेरिकन शिपाई ओळीनें उभे आहेत. पहिला काळा आहे आणि तो याच पलटणीचा मानतात.

तेथून चारशें मैलांवरची दक्षिणेकडची चाल करून पलटण व्हर्जिनियांतील यॉर्कटाउनला आली. लॉर्ड कॉर्नवॉलिस तेथें सात हजारांहून अधिक सैन्यानिशीं कोंडला गेला होता. १४ ऑक्टोबरच्या रात्रीं बाहेरचे दोन बुरूज एकाच वेळीं घेण्यांत आले. एक फ्रेंचांनीं, दुसरा अलेक्झांडर हॅमिल्टनच्या चारशें लोकांनीं. अमेरिकनांच्या बंदुका रिकाम्या होत्या. चुकून बार उडून शत्रु सावध होऊं नये म्हणून नुसत्या संगिनींवर काम करावयाचें होतें. सर्वांपुढें होता ऱ्होड आयलंड पलटणीचा कॅप्टन स्टीफन ऑल्नी व त्याची तुकडी. तटावर चढून आपल्या लोकांना हांक मारतांच त्याच्या अंगांत संगिनी शिरल्या. पण दहा मिनिटांत बुरूज हातीं आला आणि ऑल्नी पुढें बरा झाला. १९ तारखेस कॉर्नवॉलिसच्या सैन्यानें शस्त्रें खालीं ठेवलीं. खुद्द लॉर्डसाहेब आजाराचें निमित्त करून आलेच नाहींत. याच वर्षीच्या एप्रिलांत, जगाच्या दुसऱ्या टोंकाला, हरिपंत फडके, परशुरामभाऊ पटवर्धन व तुकोजी होळकर यांनीं जनरल गॉडर्डला बोरघाटांतून मागें हटविलें होतें. आणि यॉर्कटाउनला हरलेले हेच कॉर्नवॉलिस पुढें हिंदुस्थानचे गव्हर्नर जनरल होऊन १७९२ सालीं श्रीरंगपट्टणापुढें हरिपंतांच्या फौजेसह टिपूशीं लढत होते. असो.

यॉर्कटाउनच्या विजयाची एक बाजू चित्रांतून दिसत नाहीं. डन्मोरच्या जाहीरनाम्यासारख्या वचनांवर विश्वासून हजारों गुलाम इंग्रजी छावणीकडे पळाले होते. वेढ्यांत अन्न संपूं लागलें तेव्हां कॉर्नवॉलिसनें त्यांतील देवीच्या रोगानें पछाडलेल्यांना दोन्हीं फळ्यांच्या मधल्या रानांत हांकलून दिलें. जे वांचले त्यांना गोळा करून मालकांच्या स्वाधीन करण्यासाठीं, शरणागतीनंतर आठवडाभरांतच वॉशिंग्टननें हुकूम काढला. एका बाजूला निशाणाखालीं उभी असलेली काळी पलटण आणि दुसऱ्या बाजूला पहाऱ्यांत बसविलेले काळे फरारी, असा देखावा त्या एकाच मैदानावर होता. शिपायांनीं तो पाहिला असेलच. त्यांना काय वाटलें हें कोणी लिहून ठेवलें नाहीं. त्यांतील बहुतेकांना लिहितां येत नव्हतें.

युद्ध संपल्यासारखें झालें, पण युद्ध संपेपर्यंतची चाकरी संपली नाहीं. १७८३ च्या फेब्रुवारींत ही पलटण आणखी एका मोहिमेवर गेली. ऑंटॅरिओ सरोवरावरील ऑस्विगो हा इंग्रजांचा किल्ला हिंवाळ्यांत अचानक छापा घालून घ्यावयाचा, असा घाट कर्नल मॅरिनस विलेट यानें घातला. सुमारें पांचशें लोक मोहॉक नदीच्या खोऱ्यांतून घसरगाड्यांवर बसून गोठलेलें ओनायडा सरोवर ओलांडून गेले, शिड्या खांद्यावर घेऊन बर्फांतून चालले आणि शेवटच्या रात्रीं वाटाड्या रस्ता चुकला. उजाडलें, छाप्याची वेळ गेली. तसेच परत फिरावें लागलें. परतीच्या वाटेंत कित्येकांचे पाय हिमदंशानें कामांतून गेले, बोटें तोडावीं लागलीं. तहाच्या प्राथमिक कलमांवर नोव्हेंबरांतच सह्या झाल्या होत्या आणि युद्धतहकुबी जानेवारींतच ठरली होती. बातमी तेवढी समुद्र ओलांडून यावयाची होती. कारण नसतां पाय गमावलेल्या या लोकांइतका दुर्दैवी भाग साऱ्या युद्धांत थोड्यांच्या वांट्याला आला असेल.

१७८३ च्या जून महिन्यांत सॅराटोगा येथें पलटण मोडण्यांत आली. निरोपाच्या वेळीं ऑल्नीनें शिपायांच्या शौर्याची व शिस्तीची मनापासून स्तुति केली आणि इतकीं वर्षें लढून त्यांना पगारावांचून घरीं जावें लागत आहे याबद्दल खेद व्यक्त केला. हा खेद उपचाराचा नव्हता. काँग्रेसपाशीं पैसा नव्हता; पगाराऐवजीं कागदी हुंड्या मिळत आणि त्या हातीं पडतांच सट्टेवाले मिळेल त्या भावानें त्या विकत घेत. युद्धाच्या अखेरपर्यंत राहिलेल्या शिपायाला शंभर एकर जमीन देण्याचें वचन होतें. पण ती दूर पश्चिमेच्या रानांत, आणि तेथवर जाऊन ती कसण्याचें सामर्थ्य असलेले शिपाई थोडे. बहुतेकांनीं तोही हक्क विकला. ऑल्नी स्वतः मात्र आपल्या जुन्या शिपायांना विसरला नाहीं. थकलेला पगार मिळावा, मुक्ततेविषयीं कोणी तंटा काढल्यास पुरावा असावा, यासाठीं तो पुढेंही त्यांच्या उपयोगीं पडत राहिला.

तंटे निघत असत, हें ध्यानांत ठेवावयास हवें. गुलामगिरी ऱ्होड आयलंडांत अजून कायद्यानें जिवंत होती. १७८४ च्या कायद्यानें १ मार्चनंतर गुलाम स्त्रीला होणारें मूल मुक्त ठरलें. पण जे आधीं जन्मले होते ते गुलामच राहिले. म्हणजे पांच वर्षें लढून आलेला शिपाई स्वतः मुक्त, आणि त्याची बायको व मोठीं मुलें दुसऱ्याच्या मालकीचीं, अशीं कुटुंबें या संस्थानांत होतीं. १७९० च्या खानेसुमारींत तेथें नऊशेंहून अधिक गुलाम मोजले गेले. पंगू व निराधार झालेल्या माजी गुलाम-शिपायांना गांवांनीं पोसावें असा कायदा १७८५ सालीं करावा लागला. सात वर्षांपूर्वीं मालकांना त्या भारांतून मुक्त केलें होतें, त्याचा हा उरलेला हिशोब. १७९२ सालीं संयुक्त संस्थानांच्या काँग्रेसनें शिबंदीचा कायदा केला, त्यांत नांव नोंदविण्यास पात्र मनुष्य गोराच असावा असें लिहिलें. खुद्द ऱ्होड आयलंडनें १८२२ सालीं काळ्यांचा मताधिकार काढून घेतला आणि तो त्यांना १८४२ च्या राज्यघटनेनंतरच परत मिळाला.

१८१८ सालीं गरीब झालेल्या जुन्या शिपायांना पेन्शन देण्याचा कायदा झाला आणि मग या पलटणींतील उरलेसुरले म्हातारे न्यायालयाच्या पायऱ्या चढूं लागले. अर्जदारानें आपली चाकरी शपथेवर सांगावयाची: कोणत्या सालीं भरती, कोण कॅप्टन, कोणत्या लढाया, कोठें निरोप. १८२० पासून आणखी एक अट पडली. अर्जदारानें आपल्या सर्व चीजवस्तूंची किंमतीसह यादी द्यावी, म्हणजे तो खरोखर दरिद्री आहे कीं नाहीं हें ठरेल. ज्यांची स्वतःचीच किंमत १७७८ सालीं पांच पंचांनीं पौंडांत ठरविली होती तीं माणसें आतां न्यायाधीशासमोर उभीं राहून घरांतल्या भांड्याकुंड्यांचे मोल सांगूं लागलीं. कारकुनानें तें उतरवून घ्यावें आणि म्हाताऱ्यानें खालीं सहीच्या जागीं फुली करावी. ज्यांच्यापाशीं निरोपाचा कागद शिल्लक होता त्यांनीं तो अर्जासोबत जोडला. त्याच्या खालीं वॉशिंग्टनची सही होती.